दाराला आडवे रूळ

गुडघ्याचं ऑपरेशन करून मी अकोल्याहून घरी आलो, तेव्हा माझी खुर्ची माझ्याआधी वर पोचलेली होती. सागवानी, रुंद हातांची, वेताच्या बैठकीची. दुकान काढलं तेव्हा माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाने, एका सुताराने, ती करून दिली होती. गल्ल्यामागे ती खुर्ची आणि खुर्चीत मी, हे बुलढाण्यातल्या सुतारांनी, ठेकेदारांनी आणि घर बांधायला निघालेल्या मास्तरांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. आता ती दुकानावरच्या घरात, मागच्या खोलीत ठेवली होती आणि तिच्यावर नवी गादी टाकली होती. त्या गादीने मला सगळं सांगितलं.

"इथं आराम पडेल तुम्हाला," मुलगा म्हणाला.

"अन् खाली काय ठेवलं?"

"चाकांची खुर्ची आणली. कॉम्प्युटरसमोर तीच बरी पडते."

ऑपरेशनच्या थोडं आधी दुकानात एक प्रकार झाला होता. एक मोठा ठेकेदार, आमचं जुनं गिऱ्हाईक, चार लोकांसमोर म्हणाला की माझ्या दुकानातलं प्लायवूड पाण्याने फुगतं. तेच प्लायवूड त्याने स्वतःच्या बंगल्यात वापरलं होतं. त्याला भाव पाडून हवा होता, दुसरं काही नाही. भाव पाडायला माझी ना नव्हती, मी त्यावरच जगलो. पण मालाला नाव ठेवून भाव पाडायचा नसतो, माणसाला नाव ठेवून पाडायचा नसतो, हे मी हमाली करत होतो तेव्हापासून पाळत आलो. माझं डोकं फिरलं. सनमायकाच्या नमुन्यांचं जाड बाड मी रस्त्यावर भिरकावलं आणि त्याला म्हणालो की ते उचलून घरी घेऊन जा, फुगतं का बघ. समोरच्या चहावाल्याकडच्या कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. दोन दिवसांत तो गावभर फिरला. मुलगा तेव्हा काही बोलला नाही.  मग माझं गुडघ्याचं ऑपरेशन आलं, आणि कोणाला काही बोलायची गरजच उरली नाही.

मी परत येईपर्यंत दुकानात 'एकच भाव' अशी पाटी लागली होती. प्रत्येक वस्तूला चिकटवलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर काळ्या रेघा, रेघांवर लाल उजेड मारला की भाव पडद्यावर. गिऱ्हाईक बोलत नाही, मुलगा बोलत नाही. मशीन टूं करतं.

माझी खोली दुकानाच्या बरोबर डोक्यावर आहे. खिडकी उघडी असली की खालचं सगळं ऐकू येतं. आधी डॉक्टरने जिना उतरू नको म्हणून सांगितलं होतं. पुढे तो म्हणाला, आता उतरा. मी उतरायचो. पण खाली माझ्यासाठी गिऱ्हाइकांचं स्टूल होतं. मी स्टुलावर बसलो की मुलगा पोऱ्याला चहा सांगायचा, जसा आपण पाहुण्याला सांगतो. चहा संपला की करायला काही नसे. मी वर यायचो.

ज्याने मलकापूरच्या गोदामात डोक्यावर प्लायवूडचे ताव वाहिले, मग सायकलला पिशवी बांधून बिजागऱ्या आणि कड्या विकत घाट चढून बुलढाण्यात आला, त्याला आपल्याच दुकानात चहा पिऊन उठावं लागतं, ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. विसरायचा विचारही नाही.

रेल्वेचं खूळ भंगारवाल्याने आणलं. मलकापूरचा हा भंगारवाला आणि मी एकाच गोदामात हमाल होतो. तो फळ्यांच्या पेट्या विकायला कधीमधी येतो. त्या दिवशी मला भेटायला म्हणून वर आला आणि एक खोकं खाली ठेवलं. कोणीतरी बंगला रिकामा करताना काढलेलं. आत खेळण्यातलं एक इंजिन, विताएवढंही नाही, काही डबे, आणि पितळी रंगाच्या बारीक रुळांचे हातभर तुकडे, केळीच्या सालीसारखे वाकणारे.

"घे," तो म्हणाला. "तुले टाइमपास होईन."

"काय घेशील?"

त्याने भाव सांगितला. मी निम्म्याच्याही निम्मा सांगितला. तो हसला.

"गुडघा बदलला, जीभ नाई बदलली बे तुयी."

"गुडघा सडला होता. जीभ शाबूत आहे."

"हे जर्मनीचं हाय म्हणतात."

"मंग जर्मनीले जाऊन वीक."

चहा झाला, त्याने खोकं बांधलं, जिन्यापर्यंत गेला, मी हाक मारली नाही, तो आपणहून परत आला. सौदा झाला. कित्येक महिन्यांत मी पहिल्यांदा कोणाशी धड बोललो होतो. गाडीपेक्षा त्या सौद्याचाच आनंद जास्त होता, हे मला तो गेल्यावर कळलं.

लहानपणी वडनेर भोलजीहून आम्ही नांदुऱ्याच्या बाजाराला जायचो. रेल्वेचं फाटक बंद असलं की बाप बैलगाडी थांबवून तंबाखू मळायचा. माझं लक्ष गाडीकडे नसे. मी रुळांखालची खडी बघायचो. इतकी सारखी खडी कोणी वेचून ठेवली असेल, असं वाटायचं. बुलढाण्यात आलो तेव्हा इथे रेल्वे नव्हती, आजही नाही. येणार येणार हे मात्र मी आलो त्या वर्षापासून ऐकतो.

त्या खोक्याकडे बघत मी ठरवलं की भिंतींच्या कडेकडेने, चारी बाजूंनी कमरेएवढ्या उंचीवर फळी बांधायची आणि तिच्यावरून गाडी फिरवायची. मध्ये मी आणि खुर्ची. बसल्या जागेवरून सगळीकडे हात पोचेल. या कामात मला कोणाकडून शिकायची गरज नव्हती, असं मला वाटलं. लाकूड, खिळा, स्क्रू, गोंद यांच्यावर माझं आयुष्य गेलं. बाकीचं मी मोबाइलवर पाहिलं.

माल खालूनच आणायचा होता. मी चिठ्ठी लिहून पाठवली: बारा एमएमचं प्लाय, दोन बाय एकच्या पट्ट्या, नोटीस बोर्डाला लावतात ती कॉर्कची शीट, पांढरा गोंद. मालासोबत बिल आलं. माझ्या नावावर, पूर्ण भावाने. मी जिना उतरून गेलो.

"हे काय आहे?"

"बाबा, स्टॉकमधून माल निघाला तर बिल करावंच लागतं. सिस्टीम तशी आहे."

"मला किती सोडशील?"

"सोडायचं काही नसतं आता. सगळ्यांना एकच भाव."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी तिथे तोंड वाजवलं नाही. वर येऊन बायकोवर वाजवलं. ती भाजी निवडत होती.

"त्याले इकतच नाई येत," मी म्हणालो. "विकणं म्हणजे बोलणं. हे पोट्टं गूंगं दुकान चालवून राह्यलं."

"अवो, मंग चांगलंच हाय ना," ती म्हणाली. "निदान रस्त्यावर तरी काई फेकत नाई."

काम हळूहळू चाललं आणि मी ते हळूहळूच चालू दिलं. भिंतीला पट्ट्या ठोकल्या, त्यांच्यावर प्लाय. प्लायवर रुळाची मधली रेघ पेन्सिलने आखायची. सरळ ठिकाणी पट्टी लावून, वळणावर खिळ्याला सुतळी बांधून. मग कॉर्कच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या. हा रुळांखालचा भराव. तो अखंड पट्टीचा करायचा नाही, वळणावर वळत नाही, फाटतो. दोन अरुंद पट्ट्या घ्यायच्या, एक रेघेच्या अल्याड, एक पल्याड, मध्ये एकमेकींना टेकवायच्या. बाहेरच्या कडा पॉलिश पेपरने तिरप्या घासायच्या, म्हणजे खऱ्या लोहमार्गासारखा उतार दिसतो. गोंद लावायचा, टाचण्या खोचायच्या, वाळू द्यायचं. वाळल्यावर वरून बोट फिरवायचं. जिथे बोटाला लागेल तिथे गाडी घसरेल.

त्यावर रूळ. दोन तुकडे जोडायला चिमूटभर पत्र्याच्या जोडपट्ट्या असतात. वळणावर जोड आला तर आधी तुकडे सरळ ठेवून कथलाचा डाग द्यायचा आणि मग वाकवायचं, नाहीतर जोडाशी कोपरा पडतो. मी पहिल्यांदा उलटं केलं. इंजिन दर वेळी त्याच जागी उडी मारायचं. मी तो तुकडा उखडला आणि पायाखाली चुरडला. मग नवा तुकडा मागवावा लागला, पोस्टाने, आणि तो येईपर्यंत पुष्कळ दिवस खुर्चीत बसून खालचं टूं टूं ऐकत राहावं लागलं.

दुसरा धडा उन्हाळ्याने दिला. मी सगळे जोड घट्ट, डोळ्याला फट दिसणार नाही असे बसवले होते. एका दुपारी खिडकीखालचा लांब रूळ मधोमध फुगून सापासारखा आडवा झाला. उन्हाने लोखंड वाढतं हे मी गिऱ्हाइकांना लोखंडी गेट विकताना शंभरदा सांगितलं असेल. दर काही जोडांनंतर नखाएवढी जागा सोडावी लागते. मला जागा सोडायची सवय नाही, मग ती रुळाची असो की भावाची. पण सोडली.

तीन भिंती झाल्या. उरली दाराची भिंत. तिथे फळी दारासमोरून न्यावी लागणार होती. अशा जागी लोक बिजागरीवर उचलता येणारा तुकडा करतात, हे मी पाहिलं होतं. पण उचलता तुकडा म्हणजे रूळ दोन ठिकाणी कापायचे. तिथे गाडी दर फेरीला ठेचकाळणार. मला ते मान्य नव्हतं. पूर्ण वेढा हवा होता, कुठे कापलेला नसलेला. निघायची सोय मी दुसरी केली. एका फळीला खालून चार चाकं लावली. तिच्यावर बसायचं, पाय लांब करायचे आणि रुळांखालून सरकत बाहेर. गुडघा वाकवावा लागत नाही. दोनदा करून पाहिलं, बायको बघत होती.

"जेवाले असेच येसान का?" तिने विचारलं. "का मीच ताट सरकवू?"

"सरकव."

ज्या दिवशी मी शेवटचा तुकडा बसवला, त्या दिवशी बायको तिच्या बहिणीकडे चिखलीला गेली होती. सकाळपासून वारा होता. बुलढाणा डोंगरावर आहे, वारा सुटला की घरभर फिरतो. मला दाराकडची खडी पसरायची होती, आणि माझी खडी म्हणजे क्रशरवरून आणलेली दगडाची कच, चहाच्या गाळणीने चाळलेली. फुंकर मारली तरी उडते. म्हणून मी आत बसून खिडकी आणि दार लावून घेतलं. मग पट्ट्या भिंतीत ठोकल्या, वर प्लाय, स्क्रू प्लायमध्ये बुडवले, वर कॉर्क चिकटवला, टाचण्या, रूळ, जोडांना डाग. कॉर्कचा गोंद लवकर धरावा म्हणून रूळ बसवण्याआधी त्यावर गरम इस्त्री फिरवली होती. खडी चमच्याने दोन रुळांमध्ये आणि दोन्ही बाजूंना पसरली, मऊ कुंचल्याने रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरून खाली सारली. त्यावर भांड्याच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्याचा फवारा, म्हणजे खडी भिजते आणि गोळा होत नाही. मग पाणी घातलेला गोंद, कानात औषध टाकायच्या ड्रॉपरने, थेंब थेंब. हे झालं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही.

एक डबा रुळांवर ठेवला आणि दार सोडून उरलेल्या तीन भिंतींवर बोटाने ढकलला. कुठे अडला नाही. मग मी फळीवर बसलो, पाय लांब केले, रुळांखालून सरकलो आणि कडी काढून दार ओढलं.

दार चार बोटं उघडलं आणि फळीला अडलं.

आमची सगळी दारं आत उघडतात. मी स्वतः बसवून घेतली होती. ज्याने जन्मभर बिजागऱ्या विकल्या आणि दार कुठल्या बाजूला उघडणार हे प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारलं, त्याने स्वतःच्या दाराला ते विचारलं नाही. निघायची सोय मी रुळांखालून केली होती. दाराची केली नव्हती.

मी सरकत परत मध्ये आलो आणि खुर्चीत बसलो. स्क्रू प्लायमध्ये, प्लायवर कॉर्क, कॉर्कवर रूळ, रुळांवर ओला गोंद. काढायचं म्हणजे सगळंच उखडायचं. खिडकीला गज आहेत. बिजागऱ्या दाराच्या आतल्या बाजूला होत्या खऱ्या, पण त्यांच्या पिनांच्या आड फळीच येत होती. मोबाइल खिशात होता. पण फोन करायचा कोणाला? खाली बसलेल्यालाच. आणि त्याला सांगायचं काय, की ये आणि तुझ्या बापाला बाहेर काढ?

मी फोन केला नाही. तहान लागली होती. फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी होतं. मी खिडकी उघडून वाऱ्याला बसून राहिलो.

दुपार कलली तेव्हा खाली एक ओळखीचा आवाज आला. तोच ठेकेदार. बाडाच्या प्रकरणानंतर तो फिरकला नव्हता. मी खिडकीला कान लावला. त्याच्याकडे शाळेच्या वसतिगृहाचं काम होतं, दारं, पलंग, कपाटं, सगळं. मुलगा हळू आवाजात भाव सांगत होता. ठेकेदार म्हणाला, एवढा माल उचलतो आणि चिठ्ठीवरचा भाव? मुलगा म्हणाला, सगळ्यांना एकच आहे. ठेकेदार मोठ्याने म्हणाला, "तुया बाप कुठी हाय? त्याच्याशीच बोलतो मी. तो शिव्या देते, पण बोलते तरी."

माझा चेहरा तापला. ते तापणं आनंदाचं होतं. जिन्यावर पावलं वाजली. दार चार बोटं उघडलं आणि फळीला ठेचलं.

"ढकलू नको," मी म्हणालो. "गोंद ओला आहे."

फटीतून मुलाचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती.

"बाबा, ते आलेत. तुमच्याशी बोलायचं म्हणतात. जरा खाली या."

"काऊन? त्याले पाटी वाचता येत नाई?"

"बाबा."

"तुझ्या मशीनला बोलायला सांग."

मग त्याला फळी दिसली, रूळ दिसले, आणि दार का उघडत नाही तेही कळलं असावं. तो हसला असता तर मी त्या दिवशी काय केलं असतं सांगता येत नाही. तो हसला नाही.

"तुम्ही निघणार कसे?"

"ते माझं मी बघीन. आधी सांग, मी खाली येऊ ते कोण म्हणून? स्टुलावर बसायला मी येत नाही."

रागावला की तोही वऱ्हाडीवर येतो, पुण्यात शिकून आला तरी.

"मी काई दारात उभं राहून सौदा करून नाई राह्यलो. यायचं का नाई ते सांगा."

"माझी खुर्ची तू वर पाठवली."

"आईनं सांगितलं म्हणून उचलली."

हे मला ठाऊक नव्हतं. पुढे मी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, मी म्हटलं खरं, पण तो वाटच पाहत होता. दोघांपैकी कोणावर किती राग धरायचा, हे मला अजून नीट वाटून देता आलेलं नाही.

तेवढ्यात जिन्यावर आणखी पावलं वाजली. ठेकेदार स्वतःच वर आला होता. मुलाच्या खांद्यावरून त्याने फटीत डोळा लावला आणि पुष्कळ वेळ बघत राहिला.

"शेठ," तो म्हणाला, "अखेर बुलढाण्यात रेल्वे आणलीच म्हणा तुमी."

"हाव."

"अन् सोता आतच राह्यले."

"तुझं काम सांग."

"एवढा माल घेऊन राह्यलो. तुमचं पोट्टं एक रुपया सोडून नाई राह्यलं. तुमी सांगा, काय लावता?"

मी किती महिने या वाक्याची वाट पाहिली होती. मला फक्त एक आकडा म्हणायचा होता. मी तो म्हटला असता तर त्याने खाली ओढला असता, मी वर नेला असता, मध्ये कुठेतरी सौदा झाला असता, आणि खाली गेल्यावर सगळ्या बाजाराला कळलं असतं की दुकान अजून कोणाच्या शब्दावर चालतं. मुलगा दोघांच्या मध्ये उभा होता. त्याचा श्वास मला फटीतून ऐकू येत होता.

पण धंद्यातली एक गोष्ट माझ्या हाडात आहे. एका घरात गिऱ्हाइकाला दोन भाव ऐकू आले, की ते गिऱ्हाईक पुन्हा कधी पहिल्या भावावर थांबत नाही. नोकराने चुकीचा भाव सांगितला तरी मी गिऱ्हाइकासमोर तो कधी मोडला नाही, मागाहून नोकराला सोललं. तोंडातून निघून गेलं,

"खाली जो सांगितला तोच."

"म्हंजे?"

"म्हणजे तोच. तो सांगेल तो."

ठेकेदार हसला. "बापलेक एक झाले म्हणा की. येतो शेठ. गाडी सुरू झाली की तिकीट पाठवा."

तो गेला. माल त्याने दुसऱ्या दिवशी उचलला, चिठ्ठीवरच्या भावाने. मी बोललो म्हणून उचलला, की त्याला गरज होती म्हणून, हे मला सांगता येत नाही. मुलाने तो विषय कधी काढला नाही.

ठेकेदार गेल्यावर मुलगा मात्र दाराशीच उभा राहिला. मग म्हणाला, "हॅक्सॉचं पातं आणू?"

"आण."

त्याने पातं आणि पाण्याची बाटली फटीतून सरकवली. बाटली जाड होती, अडली. त्याने अर्धं पाणी पिऊन ती चेपली आणि आत ढकलली. मी आधी पाणी प्यायलो. मग पात्याच्या एका टोकाला फडकं गुंडाळलं आणि दाराच्या दोन्ही बाजूंना रूळ कापले. पितळ मऊ असतं, चटकन कापलं जातं. कॉर्क तर लोण्यासारखा. प्लायला वेळ लागला. ओली खडी बोटांना चिकटत होती, सकाळभर थेंब थेंब घातलेला गोंद माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. तुकडा सुटला तेव्हा तो मी दोन हातांनी उचलून मागे फळीवर ठेवला, वरचे रूळ तसेच चिकटलेले.

दार पूर्ण उघडलं. मुलगा आत आला. त्याने रूळ पाहिले, वळणं पाहिली, खिडकीखालच्या जोडाजवळ वाकून नखाएवढ्या फटीवरून बोट फिरवलं. चांगलं आहे असं तो म्हणाला नाही. मग त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"ही खाली घेऊ?"

मी म्हणालो, "राहू दे."

त्याने क्षणभर वाट पाहिली. मग हात काढला, खाली गेला, आणि मशीनचं टूं पुन्हा सुरू झालं.

आता यात माझी काय चूक, ते मला कोणी सांगावं. पहिल्या भावाला मी जन्मात कधी हो म्हटलं नाही. भंगारवाल्याला नाही म्हटलं, तो जिन्यावरून परत आला. ठेकेदारासमोर बाड भिरकावलं, तोही परत आला. नाही म्हणायचं, समोरच्याने पुन्हा विचारायचं, मग थोडं कुरकुरायचं, मग हो. मी त्याचा बाप आहे, तो या घरात हेच बघत मोठा झाला. माझ्या 'राहू दे'चा अर्थ त्याला कळायला हवा होता. पण त्याने पाटी लावली आहे. तो एकदाच विचारतो.

त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. कापलेल्या तुकड्याला मी बिजागरी बसवली, खालून विकत आणलेली, चिठ्ठीवरच्या भावाने. गाडी तिथे दर फेरीला ठेचकाळते. मी म्हणत होतो तेच झालं. खुर्ची मधोमध आहे. तुकडा उचलला की ती सहज बाहेर निघते, मी मोजून पाहिलं आहे, दोन्ही हात धरून.

दुपारी मुलगा जेवायला वर येतो, तेव्हा त्याच्या वाटेतच ही खोली पडते. मी तुकडा उचलून ठेवतो आणि गाडी थांबवून ठेवतो. तो दारातून आत बघतो, विचारतो, "जेवलात का?" मी म्हणतो, हो. तो पुढे जातो.